नाव लागले, ओळख राहिली

मृग लागला की अकोट, दर्यापूर, तेल्हारा, मूर्तिजापूर इथल्या कृषी केंद्रांवर सरकीच्या पिशव्या उतरू लागतात. शेतकरी दुकानदाराला वाणाचे नाव सांगतो आणि ‘बीजी-टू’च आहे ना, एवढी खात्री करून घेतो. ‘बीजी-टू’ म्हणजे त्या पऱ्हाटीत एका जिवाणूकडून घेतलेली दोन जनुके आहेत आणि त्यांच्यापासून झाडात दोन प्रथिने तयार होतात: क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी. अळीने पान, पाते किंवा बोंड कुरतडले की ती तिच्या पोटात जातात. पहिले प्रथिन असलेल्या कपाशीला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, ती जालन्याच्या महिकोच्या तीन संकरित वाणांना. दोन्ही प्रथिनांची कपाशी २००६ साली आली आणि पुढच्या काही वर्षांत वऱ्हाडातले जवळपास सगळे कापसाचे रान तिने व्यापले.

ही नावे आता कृषी विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकांत आहेत, खात्याच्या पत्रकांत आहेत. ती कशी ठरली आणि किती वेळा बदलली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. तो इतिहास पाहिला की आजच्या जीवशास्त्रातला एक मोठा आणि दुर्लक्षित प्रश्न समोर येतो. जगभरच्या माहितीकोशांत कोट्यवधी प्रथिनांची नोंद झालेली आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांवर कोणीही कधी प्रयोग केलेला नाही. काहींच्या नावाच्या जागी नुसता शेरा आहे, काहींना चार-चार नावे आहेत, काहींचे नाव चुकीचे आहे. वऱ्हाडाची दोन महत्त्वाची पिके, कपाशी आणि तूर, या प्रश्नात पुरती अडकलेली आहेत.

आधी कपाशीतल्या त्या दोन प्रथिनांचे पाहू. ती मूळची बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, या जिवाणूची. जपानच्या शिगेताने इशिवाता यांना हा जिवाणू १९०१ साली मरणाऱ्या रेशीमकिड्यांत सापडला. पुढे अर्न्स्ट बर्लिनर यांना तो जर्मनीच्या थुरिंजिया भागात पिठातल्या पतंगाच्या अळीत मिळाला आणि १९१५ साली त्यांनी त्याला त्या भागाचे नाव दिले. परिस्थिती बिकट झाली की हा जिवाणू स्वतःचे कठीण कवचाचे बीजाणू करतो आणि त्यांच्या शेजारी प्रथिनाचा एक स्फटिक साठवतो. ‘क्राय’ हे अक्षरसूत्र या स्फटिकाच्या इंग्रजी नावावरून आले. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात स्फटिक विरघळतो, तिथली विकरे प्रथिनाचा नको तो भाग छाटतात आणि उरलेला भाग आतड्याच्या पेशींवरच्या विशिष्ट रेणूंना चिकटून त्या पेशींना भोके पाडतो. अळी खाणे सोडते आणि मरते.

असे पहिले जनुक वेगळे काढण्यात १९८१ साली श्नेफ आणि व्हाइटली या शास्त्रज्ञांना यश आले. त्यानंतर दहा ठिकाणी दहा गट कामाला लागले आणि प्रत्येकाने आपापले नाव ठेवले. कोणी जिवाणूच्या उपजातीवरून ठेवले, कोणी आपल्या प्रयोगातल्या क्रमांकावरून. व्हाइटलींच्या प्रयोगशाळेत तीन जनुके ओळखली जात ती डीएनए कापल्यावर मिळणाऱ्या तुकड्यांच्या लांबीवरून: ४.५, ५.३ आणि ६.६ किलोबेस. आज क्राय-१-एसी म्हणतात ते यातले तिसरे. म्हणजे तेव्हा ते नुसते ‘६.६’ होते. एकच जनुक दोन गटांनी दोन नावांनी छापले तर तिसऱ्याला कळणार कसे?

१९८९ साली हॉफ्टे आणि व्हाइटली यांनी पद्धत बसवून दिली. प्रथिन कोणाला मारते त्यावरून त्याचा वर्ग ठरायचा. पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांना मारणारी ती रोमन एक, पतंगांच्या अळ्या आणि डास-माश्यांची पिल्ले या दोहोंना मारणारी ती दोन, भुंगेऱ्यांना मारणारी तीन, फक्त डासवर्गाला मारणारी चार. वाचायला किती सोयीचे! नाव ऐकताच काम कळते. शेतकऱ्याला, कंपनीला, विद्यार्थ्याला, सगळ्यांना हेच हवे असते.

गोची लगेच झाली. वर्ग दोनमध्ये दोन प्रथिने होती, एकमेकांशी ८७ टक्के जुळणारी. पहिल्याने अळी आणि डास दोन्ही मारले. दुसऱ्याने त्या चाचण्यांत फक्त अळी मारली, डासांना काही झाले नाही. कामावरून नाव द्यायचे तर दुसरे वर्ग एकमध्ये जायला हवे होते. पण रचनेने ते पहिल्याचे सख्खे भावंड, त्याला दुसऱ्या घरात कसे पाठवायचे? ते ‘दोन’मध्येच राहिले. हे दुसरे भावंड म्हणजेच आजचे क्राय-२-एबी, बीजी-टू पिशवीतले. पुढे उलटेही घडले. रचनेने वर्ग एकशी जवळचे असलेले एक प्रथिन अळी आणि भुंगेरे दोन्ही मारते असे दिसले, म्हणून त्याला नवाच वर्ग पाच देण्यात आला. शिवाय प्रत्येक प्रथिन प्रत्येक किडीला कोण खाऊ घालून पाहणार? आज ज्या किडीवर परिणाम दिसला नाही, तो उद्या दुसऱ्या प्रयोगशाळेत दुसऱ्या मात्रेला दिसू शकतो. तेवढ्यासाठी नाव बदलायचे का?

१९९८ मध्ये नील क्रिकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही व्यवस्था मोडून नवी बसवली. कोणाला मारते हा निकष नावातून काढून टाकला. अमिनो आम्लांचा क्रम किती जुळतो एवढेच पाहायचे. साधारण ४५ टक्क्यांहून कमी जुळले तर नवा पहिला अंक, ७८ टक्क्यांपर्यंत जुळले तर अंक तोच पण मोठे अक्षर नवे, ९५ टक्क्यांपर्यंत जुळले तर लहान अक्षर नवे. शेवटचा अंक प्रत्येक स्वतंत्र नोंदीचा. रोमन अंक गेले, कंस गेले, वर्ग पाचातले ते प्रथिन पुन्हा एकच्या घरात आले. तेव्हापासून क्राय-१-एसी हे नाव त्या प्रथिनाच्या कामाविषयी काहीच सांगत नाही. ते फक्त नात्यातले त्याचे स्थान सांगते. मला हा बदल या सगळ्या कथेतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ओळख एका रकान्यात आणि काम दुसऱ्या रकान्यात. कामाबद्दलचे मत बदलले तरी ओळख हलत नाही.

याचा अर्थ सगळे सुटले असा नाही. पहिल्या पिढीच्या, एकाच प्रथिनाच्या बोलगार्ड कपाशीत घातलेले जनुक कागदोपत्री क्राय-१-एसी आहे. पण त्याच्या प्रथिनातली पहिली ४६६ अमिनो आम्ले क्राय-१-एबीच्या क्रमातून घेतलेली होती आणि पुढचा भाग एसीचा. दोन भावंडांचा तो भाग इतका सारखा, की तयार झालेले प्रथिन मूळ एसीशी ९९ टक्क्यांहून अधिक जुळते. म्हणून नाव चालून गेले, आणि नियमाने ते योग्यच आहे. दुसरीकडे क्राय-३१ नावाचे प्रथिन जपानमध्ये मिळाले. ते काही मानवी कर्करोगपेशींना मारते, पण कोणत्याही किडीला मारल्याचे दिसले नाही. ‘क्राय’ या आडनावामुळे ते कीटकनाशकांच्या यादीत जाऊन बसले.

हळूहळू त्या आडनावाखाली सत्तरहून अधिक अंक जमले, आणि त्रिमितीय रचना पाहिल्यावर लक्षात आले की यातली कित्येक प्रथिने एकमेकांची कोणीच लागत नाहीत. स्फटिकात सापडली एवढेच त्यांचे साम्य. २०२० साली पुन्हा फेरमांडणी झाली. तीन खंडांची ठरावीक घडण असलेल्यांनाच ‘क्राय’ ठेवले, बाकीच्यांना घडणीनुसार नवी आडनावे दिली. मक्याच्या मुळांवरच्या किडीसाठी अमेरिकेत वापरली जाणारी क्राय-३४ आणि क्राय-३५ ही जोडी आता जीपीपी-३४ आणि टीपीपी-३५ झाली. अंक मात्र मुद्दाम जुनेच ठेवले, म्हणजे जुने लेख शोधणाऱ्याची वाट चुकू नये. कपाशीतली दोन्ही प्रथिने तीन खंडांच्या घडणीची असल्याने त्यांची नावे टिकली.

हे एका कुळाचे झाले, आणि तेही कोणत्या? ज्याच्यावर जगातल्या मोठ्या बियाणे कंपन्यांचे पैसे लागले आहेत, ज्याचा प्रत्येक सदस्य किडीला खाऊ घालून तपासण्याची सोय आहे आणि ज्याच्या नावांसाठी स्वतंत्र समिती बसली. तिथे नाव स्थिरावायला चाळीस वर्षे लागली. ज्या प्रथिनांना असा वाली नाही त्यांचे काय होत असेल?

पऱ्हाटीच्या काही तासांनंतर तुरीचे तास घालायची वऱ्हाडाची जुनी रीत आहे. त्या तुरीचे उदाहरण घेऊ. ‘आशा’ हा तुरीचा वाण मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद न देणारा म्हणून नावाजलेला. २०११ साली दोन स्वतंत्र गटांनी याच वाणाचा जीनोम, म्हणजे पेशीतल्या डीएनएचा संपूर्ण मजकूर, वाचून मसुदे प्रसिद्ध केले. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जैवतंत्रज्ञान संशोधन केंद्राच्या नागेंद्र कुमार सिंह यांच्या गटाला त्यात ४७,००४ जनुके मिळाली. पाटणचेरूच्या इक्रिसॅटमधल्या राजीव वार्ष्णेय यांच्या आंतरराष्ट्रीय गटाला ४८,६८०. वाण एक, साल एक, आणि आकड्यांत सोळाशेहून जास्त जनुकांचा फरक.

यात कोणाची लबाडी नाही की निष्काळजीपणाही नाही. जीनोम वाचताना यंत्र सलग मजकूर देत नाही, छोटे-छोटे तुकडे देते. ते जुळवताना काही जागा रिकाम्या राहतात. इक्रिसॅटच्या गटानेच तुरीचा जीनोम सुमारे ८३.३ कोटी अक्षरांचा असल्याचा अंदाज देऊन त्यातली सुमारे ६०.६ कोटी अक्षरे जुळवली होती. मग त्या मजकुरात जनुक कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे संगणकाची आज्ञावली ठरवते. वनस्पतींत जनुकाचा मजकूर मध्ये-मध्ये तुटलेला असतो. तुकडे कुठे जोडायचे हा अंदाज चुकला तर एकाची दोन जनुके होतात किंवा दोनांचे एक. जीनोममध्ये उड्या मारत फिरणारे, स्वतःच्या नकला काढणारे घटक असतात. त्यांना जनुक म्हणायचे की नाही? दिल्लीच्या गटाने अशी १२,५११ जनुके वेगळी मोजली. थोडक्यात, जनुकांचा आकडा ही मोजणी कमी आणि काही नियम लावून काढलेला अंदाज जास्त. वर्तमानपत्रांत तो शिरगणतीसारखा छापला जातो, म्हणून हे सांगायला हवे.

कपाशीचेही हेच. आज सर्वत्र पेरल्या जाणाऱ्या अमेरिकन कपाशीचा, गॉसिपियम हिर्सुटमचा, जीनोम २०१५ साली चीनच्या दोन गटांनी एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात प्रसिद्ध केला. दोघांनीही टीएम-१ हाच वाण वाचला होता. एकाने ७०,४७८ जनुके सांगितली, दुसऱ्याने ७६,९४३. प्रत्येकाने जनुकांना आपापले क्रमांक दिले. एकाचे क्रमांक ‘जीएच’ने सुरू होणारे, दुसऱ्याचे ‘कॉटएडी’ने. २०१९ मध्ये आणखी दोन सुधारित मसुदे आले, पुढे अमेरिकेतून आणखी एक. प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. त्यांतल्या दोन मसुद्यांत फरक काय, तर एकात ‘जी’ मोठ्या लिपीतला आणि ‘एच’ लहान, दुसऱ्यात दोन्ही मोठे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातला एखादा संशोधक पाण्याच्या ताणात कपाशीचे कोणते जनुक जागे होते हे शोधत असेल, तर वेगवेगळ्या वर्षांच्या पाच लेखांतली पाच नावे एकाच जनुकाची आहेत हे आधी त्याला सिद्ध करावे लागते. मूळ काम त्यानंतर.

आणि वऱ्हाडाच्या मूळच्या देशी कपाशीचा, गॉसिपियम आर्बोरियमचा? अमरावतीच्या नावावरून एकेकाळी ‘उमरा’ म्हणून मुंबई-लिव्हरपूलच्या बाजारात विकला जाणारा आखूड धाग्याचा कापूस या देशी कुळातला. अकोल्याने या कुळातले ‘एकेए’ मालिकेचे वाण दिले. या कुळाचा जीनोम २०१४ साली वाचला गेला, ४१,३३० जनुकांसह, पण चिनी वाणावर. कोरडवाहू जमिनीत तग धरणारी वऱ्हाडी पऱ्हाटी त्या चिनी वाणापेक्षा कुठे वेगळी आहे, हा प्रश्न इथल्याच प्रयोगशाळांनी हाती घ्यावा असे मनापासून वाटते.

आता क्रमांकाकडून नावाकडे येऊ. हजारो जनुके यंत्राने शोधली. त्यांची प्रथिने काय करतात हे कसे ठरते? बहुतेक वेळा साम्यावरून. नव्या प्रथिनाचा क्रम माहितीकोशातल्या जुन्या प्रथिनांशी ताडून पाहतात, आणि सर्वांत जवळ जे सापडेल त्याचे नाव नव्याला चिकटवतात, फार तर मागे ‘सदृश’ किंवा पुढे ‘संभाव्य’ जोडून. तुरीसह अनेक डाळवर्गीय पिकांच्या याद्यांत ‘टीएमव्ही रेझिस्टन्स प्रोटीन एन-लाइक’ असे नाव पुन्हा पुन्हा भेटते. टीएमव्ही म्हणजे तंबाखूवरचा मोझॅक विषाणू. १९९४ साली तंबाखूच्या एका रानटी भावंडातले ‘एन’ नावाचे जनुक वेगळे काढले गेले; ते या विषाणूला अडवते, हे प्रयोगाने दाखवलेले. त्यानंतर ज्या-ज्या वनस्पतीत त्या घडणीचे प्रथिन दिसले, तिथे तिथे हे नाव लागले. तुरीला मर येतो तो फ्युजेरियम बुरशीने, वांझ रोग येतो तो कोळीने पसरवलेल्या वेगळ्याच विषाणूने. तुरीतले ते प्रथिन कशाला अडवते, किंवा काही अडवते तरी का, हे त्या नावावरून कळत नाही. तरी वाचणाऱ्याच्या मनात तंबाखूचा विषाणू जाऊन बसतो. वनस्पतींच्या याद्यांत याहून विचित्र नावेही आहेत. एका कुळाचे काम कोणालाच ठाऊक नाही, म्हणून त्याच्या नावात अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या नात्यातल्या छोट्या रोपट्याच्या तिसऱ्या गुणसूत्रावरचा पत्ता आहे, आणि तो पत्ता घेऊन ते दुसऱ्या पिकांच्या जीनोममध्ये वावरते.

सातबाऱ्यावर कधीकाळी फेरफारात एखादे नाव चुकीचे चढले की पुढची प्रत्येक नक्कल ते नाव तसेच उतरवते. नक्कल नवी, शिक्का नवा, चूक जुनीच. प्रथिनांच्या माहितीकोशात हेच होते, फरक एवढाच की इथे नकला यंत्र काढते आणि एका रात्रीत लाखो काढते. पहिल्या नोंदीत ‘संभाव्य’ असते, दुसरीत ते गळते, तिसरी नोंद दुसरीच्या आधारावर होते. मूळ प्रयोग कोणत्या प्रथिनावर झाला होता, हे चौथ्या पिढीत कोणालाच सांगता येत नाही.

हे किती वेळा घडते, याचा हिशेब २००९ साली अलेक्झांड्रा श्नोस आणि पॅट्रिशिया बॅबिट यांच्या गटाने मांडला. ज्यांचे काम प्रयोगांनी पक्के झाले आहे अशी विकरांची ३७ कुळे त्यांनी घेतली आणि मोठ्या माहितीकोशांतली त्यांची नावे तपासली. माणसांनी एकेक नोंद वाचून सांभाळलेल्या स्विस-प्रॉटमध्ये चुका नगण्य निघाल्या. यंत्राने नावे लावलेल्या तीन मोठ्या कोशांत मात्र, कुळांच्या गटागणिक, सरासरी ५ टक्क्यांपासून ६३ टक्क्यांपर्यंत नावे चुकीची होती. काही कुळांत तर ८० टक्क्यांहून अधिक. चुकांचा मोठा भाग एकाच प्रकारचा होता: पुरावा जेवढे सांगतो त्याहून नेमके काम सांगणे. ‘हे विकर या घराण्यातले आहे’ एवढेच म्हणता आले असते तिथे ‘हे विकर अमुक साखर अमुक ठिकाणी तोडते’ असे लिहिले गेले. स्विस-प्रॉट १९८६ साली आमोस बैरोक यांनी स्वित्झर्लंडमध्ये सुरू केला, आणि आजही त्यात पावणेसहा लाखांच्या आसपास नोंदी आहेत. त्याच्याच जोडीच्या यंत्रनिर्मित कोशाने वीस कोटींचा टप्पा ओलांडला. वाचणारी माणसे आणि येणारा मजकूर यांची गाठ आता पडणे कठीण आहे.

यावर उपाय नाव न देण्याचा आहे का? काही अंशी, हो. एश्चेरिशिया कोलाय हा जगातला सर्वांत जास्त अभ्यासलेला जिवाणू. त्याच्या के-१२ वाणाचा जीनोम १९९७ साली पूर्ण झाला तेव्हा ४,२८८ जनुकांपैकी ३८ टक्क्यांचे काम सांगता आले नव्हते. त्या संशोधकांनी एक चांगली रीत पाळली: ज्याचे काम ठाऊक नाही त्या जनुकाचे नाव ‘वाय’ अक्षराने सुरू करायचे. वाचणाऱ्याला पहिल्याच अक्षरात कळते की इथे अज्ञान आहे. काम कळले की नाव बदलते. जिवाणूच्या बाह्य पटलात प्रथिने बसवणारे यंत्र सापडले तेव्हा ‘वाय’ने सुरू होणारी काही नावे ‘बॅम’ कुळात गेली आणि जुनी नावे उपनावे म्हणून नोंदीत ठेवली गेली. प्रथिनांच्या घटकखंडांची नोंद ठेवणाऱ्या पीफॅम कोशातही ‘अज्ञात कार्याचा खंड’ असा शेरा देऊन अंक घालतात. त्यातला पहिला आणि दुसरा खंड आज चांगलेच माहितीचे आहेत. जिवाणूंनी पृष्ठभागाला चिकटून थर करायचा की पोहत सुटायचे, हे ठरवणारा एक छोटा निरोप्या रेणू असतो. एक खंड तो तयार करतो, दुसरा तो मोडतो. अज्ञात म्हणून प्रामाणिकपणे नोंदवले होते, म्हणूनच कोणीतरी तिकडे वळले. चुकीचे नाव लागले असते तर ‘हे झालेले काम आहे’ असे समजून सगळे पुढे गेले असते.

अज्ञाताचा वाटा थोडाथोडका नाही. २०१६ साली क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने प्रयोगशाळेत जगू शकणारा अगदी लहान जीनोम बांधला. फक्त ४७३ जनुके, जवळजवळ प्रत्येक जगण्यासाठी किंवा नीट वाढण्यासाठी लागणारे. त्यांतल्या १४९ जनुकांचे नेमके काम त्यांना सांगता येत नव्हते. ज्याच्यावाचून जीव जगत नाही, त्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाची ही गत.

याच कारणाने लोणारकडे नव्याने पाहावेसे वाटते. बुलडाणा जिल्ह्यातले हे उल्काविवरातले सरोवर खारे आणि तीव्र अल्कधर्मी. तिथले जिवाणू देशातल्या अनेक प्रयोगशाळांनी वाढवले. त्यातल्या एकाचे नाव सेसेम्बिया लोणारेन्सिस. पहिला शब्द हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या आद्याक्षरांवरून, दुसरा सरोवरावरून. त्याच्या जीनोमचा मसुदा २०१२ साली प्रसिद्ध झाला. अशा कोणत्याही मसुद्यात ‘हायपोथेटिकल प्रोटीन’ हा शेरा पानोपानी असतो. म्हणजे यंत्राला जनुक दिसले, पण ओळखीचे कोणी भेटले नाही. बाकी जीव जिथे तगत नाहीत तिथे या जिवाणूंना तगवणारी प्रथिने शोधायची तर ती याच अनोळखी गर्दीत शोधावी लागतील. ओळखीची प्रथिने ही बहुतेक साध्या परिस्थितीत राहणाऱ्या जीवांत अभ्यासलेली आहेत.

अलीकडे जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर प्रकल्पांत एक प्रकार रूढ झाला आहे. ‘हायपोथेटिकल’ शेऱ्याचे एक प्रथिन निवडायचे, दहा संगणकीय साधनांतून फिरवायचे, त्रिमितीय आकृती काढायची आणि काम ‘ठरवून’ अहवाल द्यायचा. विद्यार्थ्याला साधने हाताळता येतात, हा फायदा खरा आहे. पण त्यातून आलेल्या नावाला निष्कर्ष म्हणू नये. २०२२ पर्यंत अल्फाफोल्ड या संगणकीय आज्ञावलीने वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या आकृत्यांचे अंदाज खुले केले. आकृती मिळणे ही आता अडचण उरलेलीच नाही. आकृतीवरून प्रथिनाच्या नात्याचा पत्ता लागतो. ते कोणत्या रेणूला धरते, केव्हा आणि कशासाठी, हे सांगायला परीक्षानळी लागते, जिवंत पेशी लागते, किंवा अळी लागते. जनुकांच्या कामाचा कोश असलेल्या जीन ऑन्टॉलॉजीत प्रत्येक दाव्यापुढे पुराव्याचा संकेत असतो: थेट चाचणीतून, उत्परिवर्तनातून, की निव्वळ यंत्राच्या साम्यतुलनेतून. अमरावती विद्यापीठातल्या आणि संलग्न महाविद्यालयांतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रथिनाचे नाव वाचण्याआधी हा रकाना वाचायला शिकवले पाहिजे. मला तो नावापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

पुरावा कसा चढत जातो, याचे उदाहरण वऱ्हाडाच्या जिव्हारी लागलेल्या किडीचेच आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीची वाताहत केली. फुलांच्या डोमकळ्या झाल्या, बोंडे किडली, वेचणीला कवडी कापूस आला. हे सगळे बीजी-टू पिशवीतल्या सरकीवर. क्राय-१-एसीला ही अळी आधीच दाद देईनाशी झाली होती, पुढे क्राय-२-एबीलाही. पिशवीसोबत तेव्हा येणारी १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी कडेने लावायची, म्हणजे प्रतिकारक्षमता मंदावते, हा नियम शेतांत फारसा पाळला गेला नव्हता, आणि लांब मुदतीच्या संकरित वाणांनी अळीला खाऊ-पिऊ घालत हंगाम लांबवला होता.

अळीच्या शरीरात नेमके काय बदलले? २०१४ साली भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या अळ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. क्राय-१-एसी आतड्यात ज्या प्रथिनाला चिकटते, त्या कॅडहेरिनच्या जनुकात अनेक प्रकारची मोडतोड झालेली होती, आणि एकाच जनुकापासून वेगवेगळ्या सदोष प्रती निघत होत्या. कॅडहेरिन या नावाचा अर्थ कॅल्शियमच्या मदतीने पेशी जोडणारे. अळीच्या बाबतीत शेतकऱ्याला महत्त्वाचे असलेले काम, विष पकडण्याचे, त्या नावात कुठेच नाही. नुसत्या नावावरून शोधणारा या जनुकापर्यंत पोहोचलाच नसता. अळ्यांच्या आतड्यात विष कशाला चिकटते, हे आधी चाचणीत पाहिले गेले होते म्हणून वाट सापडली.

क्राय-२-एबीच्या बाबतीत २०१८ साली एबीसीए-२ या वाहतूक प्रथिनाकडे बोट दाखवले गेले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या प्रतिकारक्षम अळ्यांत आणि भारतीय शेतांतल्या अळ्यांतही त्याचे जनुक बिघडलेले आढळले. नावातला शेवटचा ‘ए’ उपकुळ सांगतो. ‘दोन’ हा अंक मानवाच्या त्याच अंकाच्या प्रथिनाशी या अळीच्या प्रथिनाचे थेट नाते सांगत नाही. कीटकांत आणि माणसांत या उपकुळांचे क्रमांक वेगवेगळे पडले आहेत. पण २०१८ चा तो पुरावा झाला सहवासाचा. बिघाड आणि प्रतिकारक्षमता सोबत दिसतात, एवढाच. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी साध्या, क्राय-२-एबीने मरणाऱ्या गुलाबी बोंडअळ्या घेऊन क्रिस्पर तंत्राने फक्त हे एक जनुक बिघडवले. त्या अळ्या क्राय-२-एबी खाऊनही जगल्या.

तेव्हापासून गुलाबी बोंडअळीच्या या जनुकापुढे लिहिलेली ओळ साम्याच्या आधारावर उभी नाही, प्रयोगाच्या आधारावर उभी आहे. आणि ती ओळसुद्धा विषाचीच हकिकत सांगते. बीटी नसलेल्या पऱ्हाटीच्या बोंडात सरकी खात वाढणाऱ्या अळीला स्वतःच्या जगण्यासाठी एबीसीए-२ कशाला लागते, त्या प्रथिनातून एरवी काय आत-बाहेर जाते, याचे उत्तर अजून शोधायचे आहे.